पोचा

पाना मागताना आई नंबर सांगत नाही.
हात मागे करते, दोन बोटांत हवा धरून माप दाखवते.
चुकीचा दिला की परत करते, न बघता.
तसंही बघून उपयोग नाही,
दोन्ही डोळ्यांत दूध सांडल्यासारखं झालंय
आणि रेजायनाच्या डॉक्टरनं मार्चमधली तारीख दिलीय.

बावन्न सालचा पिकअप.
बाबा गेल्यावर अकरा वर्षं झुडपांच्या रांगेत उभा होता,
शेताकडे तोंड करून.
सीटमध्ये उंदरांच्या पिढ्या नांदल्या.
हौद्यात सांडलेला गहू उगवला, वाळला, पुन्हा उगवला,
कुणी पेरला नाही, कुणी कापला नाही.
ऑक्टोबरात फ्रीसेननं ट्रॅक्टर लावून कोठारात ओढून दिला
आणि जाताना म्हणाला, "ओरिस्या, भंगारवाला चांगले पैसे देईल."
आईनं त्याला लोणच्याची बरणी दिली.
तेच उत्तर.

बाहेर उणे एकतीस.
आत रॉकेलचा हीटर, त्याचा वास, आमचे दोन कोट.
गंजलेल्या बोल्टांना रात्री तेल पाजायचं,
सकाळी विचारायचं, सुटतोस का?
बोल्टांशी ती युक्रेनियनमध्ये बोलते, माझ्याशी इंग्रजीत.
बोल्ट ऐकतात.

उजव्या मडगार्डवर, दिव्याच्या मागे, बशीएवढा पोचा होता.
एकदा म्हणाली, वासरानं लाथ मारली.
एकदा म्हणाली, बर्फात फाटकाचा खांब दिसला नाही.
तिसऱ्यांदा विचारलं तर म्हणाली,
"तुझ्या बापाला विचार,"
आणि हातातला पाना उगाचच पुसत बसली.

मी तो भरला.
ती झोपल्यावर, एका रात्रीत.
पुट्टी, मग जाड पॉलिश पेपर, मग बारीक, मग पाणी लावून आणखी बारीक,
वर राखाडी प्रायमर.
पहाटे चारला मडगार्ड असं झालं होतं
की मीच दोनदा हात फिरवून पाहिला.
स्वतःची पाठ थोपटली म्हणा ना.

सकाळी ती आली, नेहमीसारखी,
गाडीच्या कडेकडेनं, तळवा पत्र्यावर ठेवून.
दार. पायरी. मडगार्ड.
तळवा दिव्यापर्यंत गेला, मागे आला, परत गेला.
जीभ पडलेल्या दाताची जागा शोधते
तसा शोधत राहिला.
मी म्हटलं, "बघ, कळतसुद्धा नाही."
"कॉफी गार झाली असेल," ती म्हणाली
आणि घरात गेली.

दुपारी मी कनोराला गेले, ब्रेकचा सिलिंडर आणायला.
परतताना अंगणात इंजिन बंद केलं
आणि कोठारातून घाव ऐकला.
एकच.
थंडीत लोखंडाचा आवाज फार लांब जातो,
फ्रीसेनचा कुत्रासुद्धा भुंकला.

आत गेले.
जमिनीवर पुट्टीचे तुकडे, अंड्याच्या टरफलासारखे.
आई हातोडा मांडीवर घेऊन उलट्या बादलीवर बसलेली,
दुसरा हात नव्या खड्ड्यात.
बोटं कडेवरून फिरत होती, सावकाश,
ओळख पटवायला बोलावलेल्या माणसासारखी.

"असा नव्हता," ती म्हणाली.
"जरा वर होता. आणि उथळ."

मला विचारायचं होतं, आई, नेमकं काय झालं होतं?
कोण चालवत होतं?
पण हातमोजे काढायला जितका वेळ लागतो
तेवढ्यात तो प्रश्न निघून गेला.
मी झाडू घेतला. तुकडे गोळा केले.
"घासायला लागेल कडेनं," मी म्हटलं, "नाहीतर गंज धरेल."
"मग घास ना."

रंगाचा डबा उघडून तिच्या नाकाशी धरला.
हिरवा. तिनं सांगितलेला.
बराच वेळ हुंगत राहिली,
जणू हिरव्याला वास असतो.
"पोच्यात दोन हात दे," म्हणाली,
"तिथला आधी उडतो."

मार्चची तारीख तिनं मेवर ढकललीय.
इंजिन अजून लागलेलं नाही.