सांगितलंय

बाबांनी नाव बांधायला घेतली तेव्हा
गंगेच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळायची.
स्टंप रोवण्यापुरती वाळू ओली करायची,
तेवढंच पाणी नदीला माहीत.

तीनशे हात नव्हे, अकरा हात लांब.
गोफेर लाकूड कुठलं आमच्या गंगथडीत?
बाभळीच्या फासळ्या, लिंबाच्या फळ्या,
आणि रस्त्याच्या कामावरून मागून आणलेलं डांबर,
आतून आणि बाहेरून,
शास्त्रात लिहिलंय तसं.

'कुनी सांगितलं?' आई विचारायची.
'सांगितलंय.'
'पाळकसाहेबांनी?'
'नाही.'
'मग?'
रंधा पुढं जायचा. ढलपी वळून खाली पडायची.

भांडण त्यावर नव्हतं.
भांडण पाण्यावर होतं.
कोरडं लाकूड आकसतं, सांधे उघडतात,
म्हणून बाबा रोज सांजच्याला
एक घागर नावेवर ओतायचे.
टँकर आठवड्यातून दोनदा.
रांगेत आमचा नंबर कायम शेवटी,
तौरांची थोरली सून आईची घागर पायानं मागं सारायची.
'चार तोंडं घरात, आन् तुम्ही लाकडाला पाजायलात?'
बाबा गप्प.
लेकराला न्हाऊ घालावं तसं
वरून खालपर्यंत, हात फिरवत.

मला नोहाचा राग यायचा.
रविवारच्या शाळेत विचारलं होतं मी :
सगळे बुडणार म्हणून देवानं सांगितलं,
तर हा 'का' म्हणाला नाही?
शेजारणीचं एखादं लेकरू तरी?
बाईंनी मला रंगवायला जिराफ दिला.

सात वर्षं नाव लिंबाखाली.
कोंबड्या तिच्यात अंडी घालायच्या.
शांतवन म्हणायचं सोडून
गाव त्यांना कप्तान म्हणायला लागलं.

आठव्या वर्षी, पोळ्याच्या दुसऱ्या रात्री
पैठणहून पाणी सोडलं.
भोंगा ऐकू आला तोवर
खालची आळी छातीभर.

नाव थेंबभर गळली नाही.

पहिल्या खेपेला तौरांची सून,
मांडीवर शिलाई मशीन, सोडायलाच तयार नाही.
मग म्हातारा गुरव, तीन शेळ्या,
मग कुणाकुणाची पोरं.
पाचव्या खेपेनंतर मी मोजायची थांबले.

नोहामागं दार देवानं लावलं, असं लिहिलंय.
आमच्या नावेला दारच नव्हतं.
ते बसवायचं बाबांना सुचलं नाही,
की तेवढी एकच गोष्ट त्यांनी ऐकली नाही,
मी विचारलं नाही कधी.

पाणी ओसरलं.
इंद्रधनुष्य वगैरे काही नाही.
गाळ, फुगलेलं मांजर, तलाठ्याची यादी.

पुढल्या उन्हाळ्यात टँकर पुन्हा सुरू झाले.
बाबांचा उजवा हात तेव्हा खांद्यावर जाईना.
एका सांजेला आई उठली,
घागर घेऊन लिंबाखाली गेली,
बराच वेळ नुसती उभी राहिली.
मग ओतली.

'अर्धीच,' माझ्याकडं न बघता म्हणाली,
'बाकीची पिठाला लागंल.'