कानामागून

माझ्याकडे माणूस येत नाही, सिरिंज येते.
हवा काढून टाकलेली, टोकाला बूच,
पट्टीवर निळ्या शाईत : तालाय, वय अकरा, नारीन.
वॉर्डबॉय जिने धावत उतरला होता.
बुरुल एजे, म्हणाला, आत्ताच बघा.

नऊ मिलीलीटर.
पिवळं, हिरवट, दाट.
बूच काढलं तेव्हा सव्वीस वर्षांची सवय असूनही
मी मान वळवली.
खिडकीबाहेर बिश्केकवर कोळशाचा धूर,
आणि धुराच्या वर कुणाचंच न ऐकणारे पांढरे डोंगर.

मग चौकशी केली. तेवढी मी करतेच.
चौथ्या वर्षापासून कान वाहत होता.
उन्हाळाभर कुरणावर, सोंग-कोलच्या काठी,
वीस घोड्या पिळायच्या, वासरं राखायची,
त्यात एका पोराचा एक कान.
आईने मेंढीच्या शेपटीची चरबी कोमट करून घातली,
वर बोळा, वर लोकरीची टोपी.
खालच्या गावी उतरेपर्यंत कान सुकलेला असायचा.
सुकलेला कान घेऊन दवाखान्यात कोण जातं?
याला कानाडोळा म्हणायचं तर म्हणा.
मी म्हणणार नाही.

आत मात्र काही सुकलं नव्हतं.
कानामागचं हाड, पोळ्यासारखं,
कोठडी कोठडी पोखरत पू वर चढला.
वर छत. छत कागदाएवढं.
छतावर मेंदू.
कानामागून आला आणि तिखट झाला.

(किडल्या दातातून येतो. नाकाशेजारच्या पोकळ्यांतून येतो.
हृदयात जन्मापासून भोक असलेल्या
निळ्या ओठांच्या मुलांत रक्तातून येतो.
मागच्या महिन्यातल्या ड्रायव्हरला कुठून आला
ते आम्हाला सापडलंच नाही.)

ताप नावापुरता. डोकं दुखायचं, तेही पहाटे.
आणि आधी गेले ते शब्द.
पेल्याला तालाय म्हणाला, "ते प्यायचं."
लगामाला, "ते धरायचं."
बाप हसला.
मग एका सकाळी त्याला
स्वतःच्या घोडीचं नाव सापडेना
आणि बाप हसला नाही.
उलट्या. झोप. खिंडीत, बर्फात अडकलेल्या गाडीत, झटका.

स्कॅनवर काळा गोळा, भोवती पांढरी कडा :
शरीराने घाईघाईत घातलेलं कुंपण.
शिकाऊ डॉक्टर म्हणाला, पाठीतून पाणी काढून बघू.
आसिपा मॅडमनी त्याचं मनगट धरलं.
"वर एवढा दाब असताना खालचं बूच काढशील?
मेंदूच खाली घसरेल."
मग कानाच्या वर एक भोक, नाण्याहून लहान,
एक सुई,
आणि माझे नऊ मिलीलीटर.

काचेवर जांभळ्या साखळ्या, गुलाबी काड्या.
दुसऱ्या दिवशी बशीत लाटा, एकीबाहेर एक,
जणू कुणी तळ्यात खडा टाकून निघून गेलं.
हवाबंद डब्यात, चौथ्या दिवशी, आणखी एक जात.
कोण कोणत्या औषधाला भितो ते लिहून वर पाठवलं.
औषधं तर पहिल्या तासापासून चालूच होती, अंदाजाने.
माझ्या कागदाने त्यातलं एक बदललं.
एकच.

सहा आठवडे, शिरेतून.
बाराव्या दिवशी पुन्हा चार मिलीलीटर आले, फिकट.
त्यानंतर नाव आलं नाही.
नाव न येण्याचे दोन अर्थ असतात.
मी विचारत नाही.

एप्रिलच्या शेवटी खिडकीशी एक टोपी.
टोपीखाली अर्धवट उगवलेले केस,
कानामागे दुसरे, ताजे टाके :
पोखरलेलं हाड साफ केल्याचे.
बापाने कुरुतची पिशवी पुढे केली,
आसिपा मॅडमनी पाठवलंय म्हणाला.
मुलगा माझ्या टेबलावरच्या बशीकडे बोट दाखवून
म्हणाला, "ते... ते..."
बाप सांगायला गेला. मी हाताने थांबवलं.

मागे सेंट्रिफ्यूज फिरत होतं, हळू झालं, थांबलं.
तो अजून शोधत होता.