तीनशेवरून दोनशे

दर मंगळवारी रत्नाकरदादाचं रक्त.
भांडुपच्या लॅबमधली ज्युली आता शीर शोधत नाही,
तिचं बोट आपोआप तिथं जातं.
अठरा आठवडे पांढऱ्या पेशी मोजायच्या.
गोळी त्यांच्यावरच उलटली तर
साधा घसासुद्धा जिवावर बेततो, असं डॉक्टर करकेरा म्हणाल्या,
आणि लगेच, सहसा नाही होत तसं.

आधीची गोळी डोपामिनच्या जागेवर
एकदा बसली की उठायचीच नाही.
आवाज होते तसेच, वर बशीत चहा सांडायचा,
पाय बसल्या जागी चालत राहायचे.
ही नवी नुसता रुमाल टाकते,
एसटीच्या खिडकीतून टाकतात तसा.
बसते, उठते, कुणाला तरी जरा टेकू देते.
तेवढ्या फटीतून दादा हसला,
जानेवारीत. तारीख मी कॅलेंडरवर लिहिली आहे,
दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी.

रात्री लाळ. उशीवर टॉवेल, त्यावर आणखी एक.
इसबगोल. पँटी दोनदा ढिल्या करून आणल्या.

फेब्रुवारीत त्यानं सिगरेट सोडली.
माझ्या मुलीनं एकदा नाक धरलं, तेवढ्यावर.
वीस वर्षांची, दिवसाला पाकीटभर!
आईनं बिल्डिंगमध्ये पेढे वाटले,
प्रत्येक दारात वेगळं कारण सांगत.

दहाव्या दिवशी तो आमटीवर मान टाकून झोपला.
हाक मारली की "आलो" म्हणायचा
आणि यायचा नाही.

डॉक्टरांनी एकच विचारलं,
सिगरेट सोडली का?
धूर यकृताला घाईत ठेवायचा, म्हणे,
गोळी आली की लगेच वाटेला लावायची.
धूर गेला, यकृत निवांत झालं,
आणि तेच तीनशे मिलिग्रॅम
पाहुण्यासारखे मुक्काम ठोकून बसले.
म्हणजे चांगलं काही करायचं तरी
आधी गोळीला विचारायचं.

तीनशेवरून दोनशे.

काल गच्चीत कपडे वाळत घालताना मी विचारलं,
ती बाई अजून येते का रे?
टाकीमागून तुला मालवणीत
जेवायला बोलावणारी?

"येते.
पण आता शेजारच्या बिल्डिंगमधून बोलते."

उशीवरचे दोन्ही टॉवेल त्यानंच पिळले,
चिमटे लावले, एक माझ्याकडून मागून घेतला.
मग कठड्यापाशी जाऊन
थोडा वेळ तिकडे बघत राहिला,
कुणी परगावी राहायला गेलं की
आपण बघतो तसा.