एकेचाळीस दिवस मागे

कानाच्या हत्तुरे मॅडमचा दवाखाना अशोक चौकात, पहिला मजला,
खाली टॉवेलचं दुकान.
कॉम्प्युटर जुना, रंगीत कॅलेंडर उघडलं की गपगार पडतो.
म्हणून मी एक साधी फाईल ठेवलीय. नुसती अक्षरं.
एक ओळ, एक माणूस.

आधी वर्ष लिहायचं, मग महिना, मग दिवस.
सुरुवातीला मी दिवस आधी लिहीत होते,
तर जूनमधली सगळी माणसं
मार्चमधल्यांच्या डोक्यावर जाऊन बसली.
आता ओळी आपल्या आपण रांगेत उभ्या राहतात,
रेशनच्या दुकानात राहत नाहीत तशा.

२०२४-०४-१५ सोम १०:३० दुडम लक्ष्मीनारायण, डावा कान
२०२४-०४-१५ सोम ११:०० रहेमतबी शेख, मशीनचा सेल बदलणे
२०२४-०४-१५ सोम ११:३० बिराजदार, अक्कलकोटहून येणार,
एसटी चुकली तर बारा

आठवण करून देणारी घंटी या फाईलमध्ये नाही.
असती तरी कुणासाठी वाजवायची?
येणारे बहुतेक मागावरचे.
तीस-तीस वर्षं धोट्याचा खटखटाट ऐकून
आता बायको हाक मारते ते ओठांवरून ओळखतात.
मी नाव पुकारत नाही.
स्क्रीन फिरवते, ओळीवर बोट ठेवते.
ते मान हलवतात.

वेळ देताना पहिला प्रश्न एकच:
तुमच्याकडं पाणी कधी?
पाण्याच्या दिवशी या गावात कोण घर सोडत नाही,
कान गेला तरी.
म्हणून वर, सगळ्यांच्या आधी,
पेठवार पाण्याच्या ओळी लिहून ठेवल्यात.
पाचव्या दिवशी, कधी सहाव्या.
महापालिका चुकते, मी दुरुस्त करते.

ज्याची वेळ हुकते त्याची ओळ मरत नाही.
रोज सकाळी ती आजच्या पानावर येऊन बसते,
शेजारी आकडा:
१ दिवस मागे. २ दिवस मागे.
आला की मी लिहिते, झालं.
फोनवर नको म्हणाला की खोडते.
एकच ओळ अशी होती
की झालं लिहिता येईना, खोडवेना.

२०२४-०४-१६ मंगळ ०५:०० गज्जम सत्तय्या

घरी मी त्यांना नायना म्हणते.
टीव्हीवरच्या बातम्या अख्ख्या गल्लीला ऐकवतात
आणि म्हणतात, मला काय झालंय?
तुम्हीच सगळे तोंडात बोलता.

मे संपत आलेला. सोमवार.
वीज बंद म्हणून माग बंद.
मी विसरलेला डबा घेऊन भर दुपारी जिना चढले,
बाकावर बसले, गमछानं मान पुसली,
आणि समोर फिरवलेल्या स्क्रीनवर
शाळेतल्यासारखं एकेक अक्षर लावत वाचायला लागले.
आपल्या नावावर थांबले.

हे मी?
मी मान हलवली.
एकेचाळीस कसले? रुपये?
रुपये नाही नायना, दिवस.
आं?
दिवस!
बाकावरचे दोघं हसले, म्हणजे त्यांनाही दिसलं.
नायनांना नाही.

मग मी त्यांच्या ओळीखाली टाइप केलं
दिवस
आणि अक्षर मोठं केलं, अजून मोठं,
इतकं की बाकीची माणसं पडद्याबाहेर गेली.

त्यांनी वाचलं. ओठ हलले.
डबा माझ्याकडं सरकवला.
खिडकीतून खाली टॉवेलाच्या गाठोड्यांकडं बघत राहिले,
कुणी विणलेत ते ओळखत असावेत.

बऱ्याच वेळानं म्हणाले, नेहमीसारखं ओरडून,
गुरुवार लिही.
बुधवारी पाणी आहे.

एकेचाळीस आपोआप गेले, तारीख बदलली की जातात.
२०२४-०५-३० गुरु ११:०० गज्जम सत्तय्या
मी उजवा लिहू की डावा म्हणून थांबले.
त्यांनी दोन बोटं वर केली.