चार पावलं मागे

दिवसा मी तांब्याचे खांब कोरते.
खांब म्हणजे, एका केसाच्या रुंदीत
असे वीस सहज शेजारी उभे राहतील.
आयनांच्या झोतानं तासायचे, निर्वात पेटीत ठेवायचे,
मग हिऱ्याचं सपाट टोक हळूहळू खाली आणायचं
आणि बघायचं, कधी मान टाकतात.

तांब्याची तार बोटांनी वाकते, हे लेओबेनमध्ये
शेंबडं पोरही सांगेल. पोलादावर पोसलेलं गाव.
पण तेच तांबं इतकं बारीक केलं की हट्टाला पेटतं,
दसपट ताण सोसतं.
आतले दोष कडेला पळून जातात,
असं मी पाहुण्यांना फळ्यावर काढून दाखवते.
वाकतं तेव्हाही सरळ वाकत नाही:
थांबतं, थांबतं,
एकदम घसरतं.
पडद्यावरची रेघ जिन्यासारखी.

संध्याकाळी मी एगोन त्सेखनरच्या मागे चालते.
चार पावलं अंतर, हातात वही.
वरच्या मजल्यावरच्या योर्गोव्हांकाला माणसं कमी पडत होती,
मी हो म्हणून बसले.
एगोन एकसष्टचा. रेल्वेच्या टेलिफोनवर बत्तीस वर्षं,
डोळे त्याआधीच गेलेले.
यंत्र गालाच्या हाडावर बसतं, कान मोकळे राहतात.
पुढे कुठेतरी ठोका पडत असतो,
लाकडावर नखानं वाजवावं तसा.
त्याच्या रोखानं जायचं. ठोका सरकला की वळायचं.

नियम योर्गोव्हांकानं दोनदा सांगितला:
बोलायचं नाही. गाडी अंगावर आल्याशिवाय
हात लावायचा नाही.
चुकला तर चुकू दे, चूक हीच आपली माहिती.

(मला नवीन नव्हतं. मोडेपर्यंत बघत राहण्याचा
पगार घेते मी.)

अकरा दिवस तो चुकला नाही.
बेकरी, दवाखाना, मूर नदीवरचा पूल.
यंत्र 'पोहोचलात' म्हणायचं
ते दारापासून आठ पावलं अलीकडे,
आणि तो गावच्या बोलीत अशी शिवी हासडायचा
की वहीत लिहायची सोय नाही.
ती आठ पावलं काठीनं, पावाच्या वासानं,
कशी कोण जाणे, पुरी करायचा.

बाराव्या दिवशी बर्फ.
भिंती उलट बोलेनाशा झाल्या.
फुटपाथची कड बुडाली, काठीला सगळीकडे
एकच मऊ उत्तर.
पुलाच्या मध्यावर ठोका भरकटला.
फोनवर मला दिसत होतं, ठिपका नदीत.
एगोन पाण्यावर उभा.

त्यानं कठड्याकडे एक पाऊल टाकलं.
कठडा छातीएवढा आहे, मला माहीत होतं.
तरी माझे पाय थांबले.
तोही थांबला.
मी श्वास धरून ठेवला.
मग तो वळला, आणि माझ्या चेहऱ्याच्या जरा डावीकडे म्हणाला,

"डावा बूट दुरुस्त करून घे. टाच वाजते.
आणि वळण आलं की दरवेळी
तू आधीच हळू होतेस."

अकरा पानं वही.
वेळा, कोन, टक्के.
मार्चला पैसे संपतात.

"दिवसा काय करतेस?" त्यानं विचारलं.
आता गप्प राहून काय वाचणार होतं? सांगितलं.
"मोडताना आवाज येतो?"
पेटीत हवाच नसते, म्हटलं. ऐकू कसा येणार?
"आमच्याकडे कथलाची पट्टी होती.
वाकवली की रडायची. आई ओरडायची, ठेव ती खाली."
तो जरा थांबला.
"म्हणजे तू नुसतं बघतेस."

यंत्र म्हणालं, पोहोचलात.
पूल अजून अर्धा बाकी होता.
त्या रकान्यात काय भरायचं ते उद्या बघू.
पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत
मी बर्फ तुडवत, मुद्दाम
टाच वाजवत गेले.