चारतोंड्या घड्याळासमोर

चपला-बूट शिवणाऱ्याच्या दुकानावर दोन खोल्या,
एक केटल, दीड टेबल
(उरलेलं अर्धं गोब्नेटच्या सायकलनं अडवलेलं)
आणि खिडकीत शँडनचा मनोरा.
त्याच्या चार तोंडांवर चार वेळा.
कॉर्कमध्ये त्याला चारतोंड्या लबाड म्हणतात
आणि तरी वर बघूनच घाई करतात.

"आपला धंदा तोच की," पहिल्या दिवशी मी म्हटलं,
विनोद म्हणून.
गोब्नेट हसली नाही. केटल भरली.

गिऱ्हाइकं म्हणजे
शवपेट्या करणारे बापलेक, ज्यांना लग्नाला कुणी बोलवत नाही;
वाऱ्याच्या दिवशी न सुटणारी एक फेरीबोट;
नाचाची एक शाळा, जिचं बिल
कधीकधी केकच्या रूपात येतं.
गोब्नेट ऐकते. अर्धा तास पेन उचलत नाही.
मग विचारते, "बरं, आणि खरं काय झालं?"
पैसे आम्ही या एका प्रश्नाचे घेतो.
पत्रक, फोटो, फोन
जवळजवळ फुकटच.

मार्चमध्ये एका गुरुवारी फाख्तना हर्ली आला.
कोटाला शेळ्यांचा वास,
हातात वकिलानं लिहून दिलेला कागद:
काही उत्पादनांमुळे काही ग्राहकांना
काही प्रमाणात त्रास झाल्याचे निदर्शनास आले आहे.
गोब्नेटनं पेन्सिलीनं तिन्ही 'काही' खोडले.
मग म्हणाली, "या वाक्यात माणूस कुठाय?
निदर्शनास कुणाच्या आलं?"

"माझ्या," फाख्तना म्हणाला. "मंगळवारी."

अकरा जण आजारी. त्यातल्या नुआला टूमी,
वय एकोणऐंशी, पियानो शिकवणाऱ्या,
अजून सलाईनवर.
"आधी तिथं जा. फोटोवाला नको. मीही नको."
"मग मी तुम्हाला पैसे कशाचे देतोय?"
"मी येत नाही त्याचे."

तो जिना उतरतोय तोच पेपरवाल्याचा फोन.
हो, अकरा. हो, त्यांच्याच गोठ्यातलं.
हो, मंगळवारी कळलं, आज सांगतोय;
मधले दोन दिवस, ती चूक.
मी टेबलाखालून तिला पाय मारला,
लागला सायकलला.
कॉलेजात मी झाकायला शिकून आलो होतो,
आणि कोंबडं तर फाख्तनाच्या कोटातून
केव्हाच आरवलं होतं.

सगळं नीट झालं असं नाही.
बातमी पहिल्या पानावर आली, फोटोसकट.
लिमरिकच्या दुकानानं ऑर्डर तोडली.
सहा शेळ्या विकल्या; त्यातली एक,
तो सांगत होता, ट्रकमध्ये चढताना
त्याची बाही चघळत होती.
आमचं बिल त्यानं तीन हप्त्यांत भरलं.
वकिलाचं एका.

जूनमध्ये काठीचा आवाज जिन्यावर.
नुआला टूमी, दम खात,
सायकलच्या सीटला धरून उभ्या.
"त्या माणसाला काय पढवून पाठवलंत तुम्ही?
आला, टोपी मांडीवर घेऊन बसला,
वीस मिनिटं तोंडातून शब्द नाही.
शेवटी मलाच त्याला पाणी द्यावं लागलं."

"पढवलं नव्हतं," गोब्नेट म्हणाली.
"पढवलं असतं तर बोलला असता."

बाई खिडकीतून मनोऱ्याकडे बघत राहिल्या,
मग स्वतःच्या मनगटाकडे,
दोन्हीवर विश्वास नसल्यासारख्या.
खाली दुकानात टाचेत खिळे ठोकले जात होते.

दारापर्यंत जाऊन वळल्या.
"चीज मात्र छान होतं हो.
पुन्हा कधी मिळणार?"

गोब्नेटनं तेव्हा पेन उचललं.