खटका

शेंदुरजन्याच्या बाजारातला कंपनीचा चाकू
तिसऱ्याच दिवशी मिटला माझ्या बोटावर.
जंभेरीच्या खुंटावर डोळा भरत होतो,
साल सुटावी म्हणून जरा मुरड दिली,
एवढंच.

झिंगराजी खात्यानं आधी बोट पाहिलं नाही.
चाकू उघडला, पाठीकडून
ऐरणीच्या कडेवर हाणला.
मिटला.
पुन्हा हाणला.
"पातं चांगलं हाय बापा,
खटक्यात जीव नाही."

मग ट्रकच्या पाट्याचा तुकडा,
तीन दिवस कानस,
आणि केसाएवढी फट राहिली म्हणून
चौथा दिवस.
"कडक खटका तुटते, मऊ झिजते."
मग कसा पायजे?
उत्तर नाही. त्यानं पाणी दिलं,
मला नाही, पोलादाला.

चौदा आंबिया बहार झाले.
डोळे किती भरले, मोजले नाहीत.
ठिबकच्या नळ्या कापल्या,
एकदा मोटरच्या पेटीचं झाकण उचकटलं,
जे चाकूनं करू नये.
खट् म्हणतो अजून,
हलत नाही.

तरी बोट मी
पात्याच्या वाटेत ठेवत नाही.
झिंगराजीनंच बजावलं होतं,
पैसे मोजून घेतल्यावर.